पाव मैलाचा हिवाळा

परवा उरणच्या रस्त्यावर एका टेम्पोमागे अडकलो. टेम्पोत भाताचा पेंढा खच्चून भरलेला, दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारा. वारा आला की एखादी काडी सुटायची आणि माझ्या हेल्मेटच्या काचेवर येऊन चिकटायची. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार झाले होते. मी मात्र पुढे गेलो नाही. चांगला दोन किलोमीटर त्या टेम्पोच्या मागून बैलगाडीच्या चालीने गेलो आणि नाक भरून पेंढा हुंगत राहिलो. सत्तरीच्या माणसाला अशा वेळी लोक म्हातारा म्हणून सोडून देतात. वयाचा मला सापडलेला हा एकमेव फायदा.

लोकांचा हिवाळा कपाटातून स्वेटर निघाला की सुरू होतो. माझा सुरू होतो भाताची झोडणी झाली की. खळ्यावर पेंढ्याचे भारे उभे राहिले, की त्यातले पन्नास-साठ भारे आमचे असायचे. रस्त्याच्या शेवटी त्यांची छातीइतकी भिंत रचायची. एखाद्याचा ब्रेक लागला नाही तर त्याने पेंढ्यात घुसावं, खाडीत नाही, एवढाच त्यामागचा विचार. जोवर पेंढा नाही तोवर शर्यत नाही. त्यामुळे आमच्या शर्यतीची तारीख शेतकरी ठरवायचे आणि त्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

नव्वदच्या दशकातली ती पहिली काही वर्षं. उरणजवळ द्रोणागिरीला नवं शहर यायचं होतं, पण रस्ते आधी आले होते. नवरा-नवरीचा पत्ता नाही आणि मांडव घालून तयार, तशातली गत. दोन्ही बाजूंना खाजण, तिवरं, मधे एखादं जुनं मिठागर आणि त्यातून जाणारा सरळ, रुंद, कोराकरकरीत डांबरी रस्ता. ना गोदाम, ना घर, ना कुत्रं. रस्ता बांधणारा ठेकेदार मोटरसायकलवेडा निघाला. तो म्हणाला, ताबा देईपर्यंत रविवारची सकाळ तुमची. आम्ही चुन्याने दोन रेघा मारल्या, त्यांच्यात पाव मैल अंतर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं, दुसरी रेघ आधी ओलांडेल तो जिंकला. वळण नाही, चढ नाही, सबब सांगायला जागा नाही. याला ड्रॅग रेस म्हणतात हे आम्हाला एका जुन्या इंग्रजी मासिकावरून कळलं. आम्ही त्याला ‘पाव मैल’च म्हणायचो.

सकाळी सातला तिथे पोचायचं. खाडीवरून धुकं उठत असायचं. चिखलाचा तो खारट, कुजका, पण मला तरी आवडणारा वास, त्यात पेंढ्याचा गोडसर वास, आणि मग पहिली गाडी सुरू झाली की टू-स्ट्रोकचा निळा धूर. तिन्ही वास एकात एक मिसळले की आमचा रविवार सुरू व्हायचा. पहिल्या वर्षी इंजिनांचा आवाज झाला की तिवरांतले बगळे उडून जायचे. दुसऱ्या वर्षी ते नुसती मान वर करायचे. तिसऱ्या वर्षी तर आमच्याकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं.

रुमाल सलीमभाईंचा. पनवेलात त्यांचं टायरचं दुकान, दाढी पांढरी, आवाज मऊ, पण त्यांच्या शब्दापुढे कोणाचं चालायचं नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, डोक्यावर हेल्मेट नसेल तर रेघेवर उभं राहायचं नाही. आणि दुसरी माझ्याकडे बघून, “उस्ताद, ज्याच्या हातात सगळ्यांची इंजिनं, त्याने पळवायची नाही. हे इन्साफाला धरून होणार नाही.”

बरोबरच होतं. पनवेलच्या स्टँडमागच्या माझ्या छोट्या कारखान्यात लेथ होता, आणि पाव मैलाला येणारी एकूण एक गाडी माझ्या हाताखालून जायची. कोणाचं हेड घासून दे, कोणाचा सिलिंडर बोअर करून दे. मी कोणाला काय दिलं आणि स्वतःसाठी काय ठेवलं, हे कोण बघणार? म्हणून मी शेवटच्या रेघेवर स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो. वेळ सांगायचो, टाळ्या वाजवायचो. आणि खरं सांगतो, जळायचो. त्या रस्त्यावर पळालेलं प्रत्येक इंजिन माझं होतं आणि मी स्वतः एकदाही पळालो नव्हतो. वाढप्याला पंगतीत बसता येत नाही, तो त्रास वाढप्यालाच माहीत.

त्या हिवाळ्याची गोष्ट मला सांगायची आहे, ज्या हिवाळ्यात शर्यत बंद पडणार होती. पहिल्या वर्षी रेघेवर बावीस गाड्या होत्या. दूधवाल्याची, पोस्टमनची, ओवे गावच्या एका वीटभट्टीवाल्याची, सगळ्या रोज पोटासाठी पळणाऱ्या. दोन वर्षांत उरल्या सात. आणि त्या सातांतही जिंकणारा एकच, विकी. याच्या वडिलांचे ट्रक होते. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण त्याला नाही हा शब्द ऐकायची सवय नव्हती. दर महिन्याला नवीन पिस्टन, मुंबईहून आणलेला मोठा कार्ब्युरेटर, लांबच लांब सायलेन्सर. त्याची शंभर सीसीची गाडी आता फक्त कागदावर शंभर होती. ती सुटली की बाकीचे दुसऱ्या गिअरला हरलेले असायचे. आणि ही गाडी कोणी बनवली? मीच. माझं आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम होतं ते. आपल्या हाताने आपली शर्यत मारत होतो आणि वर तिच्या आवाजाने सुखावत होतो.

दसऱ्याला लेथची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि तिथेच सगळे बसलो. विषय एकच, गाड्यांची ताकद कमी करायची आणि खर्च आवरायचा.

“उस्ताद, ड्रॅग म्हणजेच पॉवर,” विकी म्हणाला. “पॉवर कापायची तर सरळ सायकली आणा ना. घंटी वाजवत जाऊ.”

“मियाँ, एकटे धावलात तर पहिले पण तुम्हीच आणि आखरी पण तुम्हीच,” सलीमभाई म्हणाले.

मग कमळाकर बोलला. हा उरणकडचा कोळी. जेट्टीवरून मासळी पनवेलच्या बाजारात आणायचा, आणि रविवारी मागची पेटी सोडून त्याच गाडीवर पाव मैल पळायचा. त्याच्याइतका मऊ हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. “हरन्याचा काय नाय,” तो म्हणाला. “पन मी पयल्या फुटालाच हरतंय. याच्यासारखा इंजान बनवला आनि फुटला, तं सोमवारी मावरा काय डोक्यावर आनू? या वर्साला आमी याचा नाय, उस्ताद.”

कमळाकर येणार नाही म्हटल्यावर मला धस्स झालं. तो गेला की उरलेले पाच कशाला थांबतील? मी तावातावाने नियम करायला बसलो. विकीचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हेही मला कळत होतं. जोरात सुटलेल्या इंजिनाचा तो चिरका आवाज ऐकायला तर सगळे यायचे. पण आवाज ऐकायला एक गाडी पुरते, शर्यतीला दोन लागतात.

पहिला नियम केला की सिलिंडर कंपनीच्या मापाचाच हवा. सोमवारी विकी हजर. “उस्ताद, ह्यातून काय निघतं का?” निघत होतं. मापाला हात न लावता आतल्या वाटा घासता येतात. मी म्हणालो, “नाही रे बाबा,” आणि मंगळवारी घासून दिल्या. मग नियम केला की कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पितळेची बारीक रिंग बसवायची, म्हणजे हवा कमी, ताकद कमी. सगळ्यांच्या रिंगा मीच लेथवर काढल्या, एकसारख्या, चकचकीत. आणि विकीच्या गाडीत रिंगेच्या मागून हवा घेणारी चोरवाटही मीच पाडली, इतक्या सफाईने की दुसऱ्या दिवशी मलाच सापडेना. मग सायलेन्सरचा नियम. तो बाहेरून नियमात राहिला, आतून मी मोकळा केला.

का केलं? कोणी विचारलं तर आजही मला मान वर करून सांगता येत नाही. पैशासाठी नव्हे, विकीच्या धाकानेही नव्हे. कुलूप दिसलं की चाव्या बनवणाऱ्याचे हात शिवशिवतात, त्यातला प्रकार. बायको म्हणायची, “तुम्हीच चोर आणि तुम्हीच शिपाई. पकडणार कोण?” ती स्वयंपाकघरातून एवढंच बोलायची, पण ते दिवसभर पुरायचं.

दिवाळी झाली. शेतांत कापणी उरकली, झोडणीचे आवाज सुरू झाले. चौथा नियम करायला आम्ही एका रविवारी दुपारी परत कारखान्यात बसलो. कमळाकर त्या दिवशी आला तो भांडायला नव्हे, क्लचची तार बदलायला. बरोबर त्याची आई, हिरामावशी. डोक्यावर पाटी, कपाळाला मोठं कुंकू, कानात भारी कुड्या. तार बदलल्याचे मी काही पैसे घेतले नाहीत, तेव्हा तिने पाटी खाली उतरवली. उरलेली मासळी होती, कोळंबी, थोडी बोईटं आणि एक चांगला हातभर जिताडा. “पाच जनं हाव तुमी,” ती म्हणाली, “पाच वाटे घाला आनि न्या.” मग विकीकडे बोट केलं. “ये शेट, तू घाल वाटे.”

विकीने आयुष्यात मासळीचे वाटे घातले नव्हते. पण हिशेब पक्का. त्याने जिताडा एका ढिगात ठेवला, शेजारी मोठी कोळंबी लावली, आणि बाकी चार ढिगांत बोईटं आणि उरलेली बारीक कोळंबी सारखी केली. मोठा ढीग त्याच्या पायाशी होता, हे सगळ्यांना दिसत होतं. तो हात पुढे करणार एवढ्यात हिरामावशीने त्याच्या मनगटावर चापटी मारली.

“आमच्यात वाटे घालतंय तो शेवटी उचलतंय. थांब तू.”

कमळाकरने शांतपणे जिताड्याचा ढीग उचलला. त्याचंच घरचं म्हावरं, पण उचलला. सलीमभाईंनी एक घेतला, मी एक, आणि वीटभट्टीवाल्याने एक. विकीच्या वाट्याला चार बोईटं राहिली. कारखाना हसून हसून हलला, विकीसुद्धा हसला. मी मात्र हसता हसता थांबलो. अंगावर काटा आला म्हणतात तो मला त्या दुपारी आला. इतके दिवस आम्ही ढीग लहान कसा करायचा यावर भांडत होतो. हिच्या लोकांनी ढिगाला हातच लावला नव्हता. त्यांनी फक्त कोण उचलणार ते बदललं होतं.

“गाड्या बदलायच्या,” मी म्हणालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. “दोनदा पळायचं. एकदा आपापल्या गाडीवर, एकदा समोरच्याच्या. दोन्ही वेळांची बेरीज करायची. ज्याची कमी, तो जिंकला. मग कोणी काय बसवायचं ते बसवा. तुमची गाडी जेवढी तुम्हाला पळवेल, तेवढीच समोरच्यालाही.”

सलीमभाईंनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “सुभानल्ला.” विकी म्हणाला, “चालेल. तरी जिंकणार मीच.” त्याचा हा आत्मविश्वास मला आवडला.

त्या नियमातून पळवाट शोधायला मी तीन दिवस घेतले. सवय जाते थोडीच! तिसऱ्या दिवशी सापडली. गिअरचा लिव्हर उलटा बसवला, की समोरच्याला आपली गाडी चालवताच येणार नाही. आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. बाजारात जाऊन हिरामावशीच्या पाटीसमोर उभा राहिलो. “मावशी, वाटे घालणाऱ्याने मुद्दाम नासका मासा घातला तर?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढ्या मोठ्या माणसाला हेही सांगायला हवं का! “मंग उचलनारा नाक लावून बगंल ना, मिस्त्री.”

झालं. पळण्याआधी समोरच्याच्या गाडीवर एक फेरी मारून बघायची, नासकं वाटलं तर तिथेच बोलायचं, हा त्याला जोडलेला दुसरा नियम ठरला. पळवाट बंद झाली. माझ्या हातांना बेकार करणारी बाई मला मासळी बाजारात भेटली, आणि मी तिच्याकडून अर्धा किलो कोळंबी घेऊन शीळ घालत घरी आलो.

आज तिथे कंटेनर उभे असतात. रस्ता आहे, पण त्याचं डांबर दिसत नाही इतके ट्रक. परवा टेम्पोमागून जाताना मी आमची पहिली रेघ कुठे असेल याचा अंदाज बांधत होतो. पेंढ्याची भिंत असायची तिथे आता एक चहावाला आहे. त्याच्याकडे चहा घेतला. त्याला सांगावंसं वाटलं, बाबा रे, तू जिथे आधण ठेवतोस ना, तिथे एका रविवारी कमळाकर थांबला होता. पण त्याला गिऱ्हाईक होतं.

तर तो रविवार. बातमी पसरली होती. गाड्या बदलणार म्हणून बघायलाच दीडशे माणसं रस्त्याकडेच्या भरावावर. आधी विकी आणि कमळाकर या दोघांनी एकमेकांच्या गाडीवर फेरी मारली. कमळाकर विकीच्या गाडीवरून उतरला तो म्हणाला, “ही गारी नाय, बैल हाय उधललेला.” विकी मासळीच्या गाडीवरून उतरला तो नाक धरून.

पहिली धाव आपापल्या गाडीवर. रुमाल पडला, विकी नाहीसा झाला. साडेपंधरा सेकंद. कमळाकर मागून आला, अठरा. लोकांनी उसासे टाकले. हे तर रोजचंच.

मग गाड्या बदलल्या. विकीने सवयीप्रमाणे भरमसाट रेस दिली आणि क्लच सोडला. मासळीच्या गाडीला ते कळलंच नाही. ती गुदमरली, खोकली आणि मग पळायला लागली. तिचा दुसरा गिअर जरा थांबून, समजूत काढून टाकावा लागायचा. विकीला समजूत काढणं माहीत नव्हतं. इकडे कमळाकर. ओल्या जेट्टीवर, शेवाळावर, मागे मणभर ओझं घेऊन रोज गाडी सोडणारा माणूस. बोटीचा दोर हाताहाताने सोडावा तसा त्याने क्लच सोडला. माझं ते उधळलेलं इंजिन पहिल्यांदाच न आरडता, न घसरता, सरळ निघालं आणि मग त्याने जे सोडलं! निळ्या धुरातून तो माझ्या अंगावर येताना मला दिसला, दात दिसत होते, हसत होता. पंधरा पूर्णांक आठ. विकी आला, अठरा पूर्णांक सहा.

बेरीज मी दोनदा केली. मग तिसऱ्यांदा सलीमभाईंना करायला लावली. कमळाकर तीन दशांश सेकंदाने जिंकला होता. भरावावरून माणसं खाली धावली. कोणीतरी पेंढ्याचे भारे सोडले आणि मूठमूठ पेंढा हवेत उधळला. हिरामावशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मिस्त्री, रडता कनाला?” मी म्हणालो, धूर गेला डोळ्यांत. धूर नव्हता गेला.

सोमवारी विकी कारखान्यात. मला वाटलं, आता भांडणार. त्याने गाडी स्टँडवर लावली. “उस्ताद, सगळं काढा. ओरिजिनल करा.”

“का रे?”

“मी पैसा घालणार आणि फायदा कमळ्याला? येडा आहे का मी? त्यापेक्षा क्लच सोडायला शिकतो त्याच्याकडून.”

माझं सगळ्यात सुंदर काम मी त्या दिवशी माझ्याच हाताने उलटं केलं. घासलेल्या वाटांचा सिलिंडर काढून ठेवला, चोरवाट बुजवली. वाईट वाटायला हवं होतं, पण दिवसभर गुणगुणत होतो.

पुढच्या रविवारी रेघेवर सतरा गाड्या आल्या. दूधवाला आला, पोस्टमन आला. मी नेहमीप्रमाणे स्टॉपवॉच काढलं, तर सलीमभाईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि विकीच्या गळ्यात अडकवलं.

“उस्ताद, आता तुम्हाला कोण रोखणार? तुमच्या गाडीत काय आहे, ते समोरचा बसून बघेल.”

मला हे सुचलंच नव्हतं. शप्पथ सांगतो, नियम करताना मी स्वतःचा विचार केला नव्हता. माझी हत्यारांची पिशवी लटकवलेली, साधी, कधी न घासलेली गाडी मी रेघेवर आणली. हेल्मेट उसनं, विकीचं. अडतीस वर्षांचा माणूस, बायको भरावावर उभी, आणि शेजारच्या रेघेवर कमळाकर. मान वळवून म्हणाला, “उस्ताद, सावकाश जा. मागं मावरा हाय असा समजा.”

रुमाल पडला.

पाव मैल किती असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तो हजार वेळा सेकंदांत मोजला होता. आतून तो संपतच नाही आणि मग एकदम पेंढा समोर येतो. पहिल्यांदा माझ्या गाडीवर हरलो, दुसऱ्यांदा कमळाकरच्या गाडीवर हरलो, आणि एकूण सतरा जणांत सोळावा आलो. पोस्टमनला मागे टाकलं, हे मात्र नोंदवून ठेवावं.

घरी आलो तेव्हा माझ्या पँटला बोईटांचा, खाऱ्या पाण्याचा आणि दोन दिवसांच्या कोळंबीचा असा वास येत होता, की बायकोने मला दारातच उभं केलं. ती पँट मी आठवडाभर धुवायला टाकू दिली नाही.